शारजा ते सानगडी

"साडेतीन घंटे," टेकचंद म्हणाला. "शारजातून उडलं का साडेतीन घंट्यात नागपूर. मधात कुठी उतरा लागत नाही."

अंकुशने मोबाइलमध्ये पाहिलं. सरळ अंतर अडीच हजार किलोमीटरहून थोडं कमी. विमान रोजचं नव्हतं, पण आजचं होतं. जागाही होती.

"आपली यस्टी सानगडीहून नागपूरले एवढाच वेळ खाते," टेकचंद म्हणाला. जन्मभर हातमाग चालवलेला माणूस, हिशेबाला पक्का. पहाटे नागपूर, तिथून गाडी, आठाच्या आत भूषण दारात. त्याने सगळं बोटांवर मोजून ठेवलं होतं.

सकाळीच पुतण्या अंकुशने भूषणला फोन लावला होता. "तुझे बाबा गेले. अग्नी तुलेच द्या लागते. ये लवकर." भूषण एवढंच म्हणाला होता, "पाहतो."

आता बापाच्या मरणावर 'पाहतो' म्हणणाऱ्या पोराला काय म्हणावं? चार वर्षं झाली, त्याने गावाचं तोंड पाहिलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात बापाचं ऑपरेशन झालं तेव्हाही म्हणाला, "लय सीरियस झालं का सांगा, उडून येतो." यायचं असेल त्याला सातासमुद्रापलीकडून वाट सापडते. नसेल त्याला शेजारच्या आळीतूनही सापडत नाही.

दार आतून लावलेलं होतं. भूषणचं नक्की झाल्याशिवाय गावात बोभाटा करायचा नाही, असं टेकचंदने बजावलं होतं. भूषणची आई शेवंताबाई भिंतीला टेकून बसली होती.

"मले हे पटून नाही राहिलं," ती म्हणाली. "असं कोनी करते का?"

"एक रात थांबलं तं काय बिघडते?" टेकचंद म्हणाला. "येईल तो."

"अन् नाही आला तं?"

टेकचंदने पुन्हा बोटं मोजायला घेतली. पोरगा येतो की नाही, एवढ्यावरच त्याचा जीव टांगला होता.

दुपारी दोनला फोन वाजला. अंकुशने स्पीकर लावला.

"दादा, माझ्यासाठी थांबू नका," भूषण म्हणाला. "तूच दे अग्नी."

"अरे, साडेतीन घंट्याचं तं विमान आहे. आजच्यात जागा बी आहे."

"विमानाचं नाही रे. नवा मॅनेजर आहे, सुट्टी मागाले बरं नाही वाटत. अन् आता येऊन तरी काय करू? बाबा जित्ते असते तं नोकरी सोडून आलो असतो. तेरवीले जमते का पाहतो. आईले सांग, रडू नको."

शेवंताबाईने पदर तोंडात कोंबला. टेकचंद फोनकडे पाहत राहिला. मोजायला धरलेली बोटं त्याने हळूच मिटली.

"हॅलो? दादा? आयकून राहिला का?"

अंकुशने फोनवर हात दाबून धरला. "काका, आता तरी बोला न त्याच्यासंग. तुमचाच पोरगा आहे."

"कायले?" टेकचंद म्हणाला. "मी मेलो म्हनून तूच सांगतलं न त्याले? आता अग्नी दिला म्हनून बी सांग."