जवारीची फी

“जवारी सोडून काहीही घ्या, साहेब!” मिरजेचा दस्तगीर काकुळतीला आला. तारांखालची घोडी घासून तंबोऱ्याचा सूर उघडायची ती विद्या म्हणजे त्याची भाकरी होती. गेल्या वर्षी फी म्हणून लेकीच्या कॉलेजच्या यंत्राने त्याच्या हातातलं नुसतं पॉलिशचं कसब काढून घेतलं होतं.

“यंदा फी वाढलीय. मुलीची सीट ठेवायची की नाही, ते लवकर बोला,” कॉलेजचा साहेब म्हणाला.

दस्तगीरने यंत्रात हात घातला. बोटं गार पडत गेली.

सुट्टीत लेक निलोफर घरी आली. तिने घोडी घासली आणि तंबोरा घुमू लागला.

“वा!” दस्तगीर हरखला. “कुठं शिकलीस? मलाही शिकव की गं!”

निलोफर त्याच्या बोटांकडे बघत राहिली.

“शिकवायला कॉलेजची परवानगी नाही, अब्बा,” ती कशीबशी म्हणाली. “फी भरावी लागते.”