पाण्यातला कान

लातूरच्या केंद्रात त्या सकाळी तारामतीबाईंच्या डोक्यातील गाठीवर प्रोटॉनचा झोत सोडायचा होता. पापणी लवण्याआधी संपणाऱ्या त्या झोताची मात्रा तपासण्यासाठी मी तो आधी पाण्याच्या टाकीत सोडला. कॅमेऱ्याने पाण्यातले निळे तेज टिपले.

त्या तेजात एका कानाएवढी जागा काळी राहिली होती. कानाची पाळी फाटलेली होती आणि तिला दोरा बांधलेला होता.

“बुडबुडा असेल,” विभागप्रमुख रेणुकादास सर म्हणाले. “बाई मुखेडहून इतक्या लांब आल्यात, सत्यम. तपासणीच्या कागदावर सही कर.”

मी पाणी बदलले, भिंग पुसले. कान तिथेच होता.

पाच वर्षे मी खाली मान घालून सह्या केल्या होत्या. आज मी पेन बाजूला सारले.

“बुडबुड्याला दोरा असतो का, सर? तुमची आई असती, तर केली असती सही?” मी ओरडलो आणि पुन्हा झोत सोडला.

पडद्यावरचा कान आमच्याकडे वळला होता.

दार उघडले. भिंतीपलीकडच्या बाकावरून तारामतीबाई उठून आल्या होत्या. त्यांनी पदर मागे सारला. फाटक्या पाळीच्या दोऱ्यातून पाणी ठिबकत होते.

“कामून वरडून राहिला, लेकरा?” त्या म्हणाल्या. “आत लई घुमतंय.”