हाळी

नाव काठाजवळ आली आणि तिन्ही कुत्री उठून पाण्याच्या कडेला उभी राहिली. मध्ये हवालदार, बाजूला फौजदार आणि चिमणी सगळ्यांच्या पुढे, कारण चिमणीला मुळात दम नाही. तिघांच्याही गळ्यात, बिबट्याने नरडे धरू नये म्हणून, खिळे ठोकलेले पट्टे होते. भुंकले मात्र एकही नाही. भुंकणाऱ्या कुत्र्यापुढे माणूस एक वेळ उतरेल, गप्प उभ्या राहिलेल्या तिघांपुढे कोण उतरणार? नावाड्याने मुकाट्याने वल्ही वर घेतली.

नावेत हौशीराम होता. त्याने पुण्याहून आणलेले पाहुणे होते, त्यांचे रंगीत तंबू होते आणि ब्रूनो नावाचा एक गुबगुबीत लॅब्राडोर होता. बेटावर दोन रात्री मुक्काम करायचा बेत होता. जीपमध्ये रस्ताभर हौशीरामने पाहुण्यांना ऐकवले होते, की पाण्याखाली गेलेला अख्खा गाव त्याच्या घराण्याच्या शब्दावर चालायचा. ते खरेही होते. फक्त धरणाने गाव घेतला, मळे घेतले, चिरेबंदी घरे घेतली, आणि गावाने वेशीबाहेरच्या लोकांच्या माथी मारलेला खडकाळ माळ तेवढा मागे ठेवला. त्या माळाचे आता बेट झाले होते, आणि बेट वेशीबाहेरच्या आक्काबाईचे होते.

उन्हाळ्यात पाणी उतरले की काठच्या ओल्या गाळात पेरायचे आणि पीक हाती येईपर्यंत तिथेच झोपडी टाकून कुत्र्यांसह राहायचे, ही इकडची गाळपेर. अशा मुक्कामावर जायची एक रीत आहे. कुत्री मोकळी असतात, म्हणून नावेतूनच घरधन्याच्या नावाने हाळी द्यायची, येऊ का म्हणून विचारायचे. वरून ‘या’ आले की कुत्री वाट देतात. आमदारापासून मासेवाल्यापर्यंत सगळे हे पाळतात. हौशीरामलाही रीत चांगली ठाऊक होती. पण आक्काबाईचे नाव काही त्याच्या जिभेवर येईना.

“कोन हाय का तिकडं? कुत्री आवरा,” तो ओरडला.

आक्काबाई झोपडीपुढे भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. तिला ऐकू आले. ती शेंगा तोडत राहिली. शेजारी जाळे सांधत बसलेला तिचा मुलगा पोपट उठायला लागला, तसा तिने त्याला हातानेच खाली बसवला.

“आय, हौशीरामभाऊ हाय,” तो म्हणाला.

“दिसतंय मला.”

जुन्या गावात या हौशीरामच्या अंगणाबाहेर उभे राहून तिने जन्मभर हाळ्या दिल्या होत्या. आज तिला राग आला नव्हता. भांडणही करायचे नव्हते. तिला एवढेच हवे होते, की एकदा या माणसाने बाहेर उभे राहून तिचे नाव घ्यावे आणि विचारावे. एवढीशी गोष्ट, पण तोडलेली शेंग ती पाल्यात टाकत होती आणि पाला शेंगांच्या ढिगात.

“ए आक्के, ऐकू येत न्हाई का?”

नावेतल्या पुण्याच्या मुलीने मान वळवून हौशीरामकडे पाहिले. काठावरची बाई त्याच्या आईच्या वयाची होती.

तेवढ्यात ब्रूनोने पाण्यात उडी टाकली. मुलीने हाका मारून घसा कोरडा केला, पण तो थेट काठाकडे पोहत निघाला. पोपटसुद्धा जाळे टाकून उभा राहिला. पाय टेकतील एवढ्या पाण्यात ब्रूनो आला, त्याने समोरची तीन कुत्री पाहिली आणि जागीच थांबला. कान पाडले, शेपूट हळूहळू हलवली आणि तिथेच पाण्यात बसला. चिमणीने त्याला नाक लावून पाहिले. हवालदारने मागे वळून आक्काबाईकडे पाहिले.

“ये लेकरा,” आक्काबाई म्हणाली.

कुत्री बाजूला झाली. ब्रूनो धावत वर आला आणि बरोबर शेंगांच्या ढिगाशेजारी अंग झाडून त्याने आक्काबाईला न्हाऊ घातले. ती खळखळून हसली.

“काका, इथे आधी विचारायचं असतं का?” मुलीने हौशीरामला विचारले. तिने साधेपणाने विचारले होते, पण नावाडी एकदम पाण्यात काहीतरी शोधायला लागला.

हौशीराम उठला. नाव डगमगली, तसा त्याने नावाड्याच्या खांद्याचा आधार घेतला.

“आक्काबाई,” तो म्हणाला. “आमी येऊ का?”

आवाज काही मोठा नव्हता. पण पाण्यावरून आला, त्यामुळे बेटभर ऐकू गेला.

आक्काबाईने मांडीवरचा पाला झटकला, पदर नीट केला आणि सावकाश उठली. तिची कंबर दोन वर्षांपासून धरलेली होती, तरी ती अशी ताठ उभी राहिली, की पोपटचा ऊर भरून आला.

“या हौशीरामभाऊ,” ती म्हणाली. “जपून उतरा, दगडं लई निसरडी हायत.”

पाहुणे उतरले, तंबू उतरले. कुत्र्यांची ज्याची त्याची पायताणे हुंगून झाली. शेवटी हौशीरामने खुंट्यांची पिशवी उचलली आणि जमिनीकडे बघतच विचारले, की तंबू कुठे ठोकायचे.

जुन्या गावात कोणतेही जेवण असो, आक्काबाईच्या माणसांची पंगत उकिरड्याशेजारी, हे ठरलेले असायचे. आक्काबाईने या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा माळ नजरेखालून घातला.

“कुठंबी ठोका,” ती म्हणाली. “आमच्यात कुनाला जागा नेमून देत न्हाईत.”

पाहुणे मंडळी हसतखिदळत चहूकडे पांगली, ब्रूनो त्यांच्यामागे गेला. हौशीराम खुंट्या हातात घेऊन तिथेच उभा राहिला. कुठे ठोकाव्यात, त्याला ठरवता येईना.