ट्रॉली जोडताना

रेवतीला बघायला आलेला मुलगा पोहे संपले तरी धड बोलला नव्हता. पाहुणे निघाले, तर त्यांच्या गाडीच्या वाटेत उसाची ट्रॉली उभी.

“मी काढते,” म्हणत रेवतीनं ट्रॅक्टर मागं घेतला आणि उतरून हुकात पिन टाकली.

“चल, घे पुढं!” तिचे काका म्हणाले.

“थांबा!” मुलगा ओरडलाच. “पिनची खिट्टी कुठंय? ती नसताना पिन उडाली तर ट्रॉली सुटेल.”

“अहो, फाटकापर्यंतच न्यायचीय,” काका हसले.

“सुटायला तेवढंही पुरतं.” ट्रॉलीची साखळी ट्रॅक्टरला अडकवून तो इस्त्रीच्या पँटीनिशी मातीत गुडघे टेकून खिट्टी शोधू लागला.

आधी बघायला आलेल्या एकाही मुलाला खिट्टी आठवली नव्हती. रेवतीनं मूठ उघडून ती त्याच्या हातावर ठेवली आणि घराकडं वळून ओरडली, “आई, यांना अजून पोहे वाढ गं!”