‘शेवटचं’ नावाची फाइल

गार झालेला चहा. जिन्यातल्या तीन सायकली. बायकोचा सहा वर्षांचा प्रबंध. ‘शेवटचं’ हे नाव.

झालं असं, की इमारतीचा सेक्रेटरी म्हणून त्याने ‘जिन्यात सायकली लावू नयेत’ ही नोटीस लिहिली आणि ‘शेवटचं’ या नावाने सेव्ह केली. बायकोच्या प्रबंधाचंही नाव तेच होतं. ‘जुनी फाइल बदलू का?’ असं कॉम्प्युटरने विचारलं, आणि त्याने सवयीने हो म्हटलं. सहा वर्षांच्या जागी दीड ओळ उरली.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मेव्हणा धावत आला.

“मिळेल परत, भावोजी. फक्त ताईला सांगू नका.”

“सांगायला मी काय वेडा आहे? जिवंत सोडेल का ती?”

मिक्सर थांबवून बायकोने आतून विचारलं, “झाली का नोटीस? मला दुपारी प्रबंध छापायला न्यायचाय.”

“होतेय, होतेय!” दोघं एका सुरात ओरडले.

बऱ्याच खटपटीनंतर मेव्हण्याने जुनी फाइल परत मिळवून उघडली. प्रकरणं, तळटीपा, सगळं जागच्या जागी. त्याचा जीव भांड्यात पडला. मेव्हण्याने वर सरकत सरकत पहिलं पान आणलं आणि त्याचा हात माऊसवरच थांबला.

‘आभार माझ्या कै. पतींचे, ज्यांनी हा प्रबंध एकदा पुसला होता.’

“टायपो असेल,” मेव्हणा पुटपुटला. “कै. म्हणजे…”

“ते मरू दे रे! पुसला हे तिला कळलं कसं?”

मिक्सर पुन्हा थांबला. चपलांचा आवाज दाराशी आला.

सकाळी त्याने फाइल पुसली, तेव्हा तिच्यात आभाराचं पान नव्हतं.