आडनावाचा रकाना

शकू गेल्यावर तिच्या गाण्यांच्या साठ कॅसेटी उरल्या. त्या सगळ्या तिच्या लेकीने, दर्शनाने, हार्ड डिस्कवर उतरवल्या. आता जुन्या कॉम्प्युटरचा घरगुती सर्व्हर करायचा, म्हणजे बाबांना हवं तेव्हा टीव्हीवर आईचं गाणं लावता येईल. त्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला घेतली, तर तिने आधी खातं उघडायला सांगितलं. दर्शनाने नावाच्या रकान्यात 'खंडू' भरलं आणि पुढच्या रकान्याकडे वळली, तोच खंडूने तिचा हात धरला.

"आडनाव कशाला?"

"त्याशिवाय पुढे जात नाही, बाबा. सगळेच भरतात."

खंडू स्क्रीनकडे बघत राहिला. लग्नानंतर मुलुंडमध्ये भाड्याची खोली शोधताना तो आडनाव सांगायचा आणि दाखवलेली खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. अशा अकरा खोल्या त्याला अजून पत्त्यासकट पाठ होत्या.

"घर माझं, गाणी तुझ्या आईची. आणि ती ऐकायला हा डबा मला आडनाव विचारणार? दुसरी सिस्टीम नाही का?"

"आहे ना. ती काहीच विचारत नाही. पण बाबा, तिच्यात सगळं आपलं आपणच करायचं. अडलं तर मदतीला कोणी येणार नाही."

खंडूने खुर्ची पुढे ओढली आणि चष्मा लावला.

"तीच टाक. आजवर तरी कोण आलंय?"