कानात दिलेलं

त्या सकाळी मंगलगिरी बोलला नाही.

शंभूगिरी भागीरथीवरून स्नान करून आला, कुटीबाहेरच्या कट्ट्यावर बसला आणि वाट पाहू लागला. कशाची, ते त्याचं त्यालाही आधी कळेना. रोज या वेळी पलीकडच्या कुटीतून मंगलगिरी चहाचे दोन पेले घेऊन येई. एक कट्ट्यावर ठेवी आणि तोंडाचा पट्टा सुरू करी. "शंभू, वरच्या अंगाला बुरांस फुललाय म्हणतात. शंभू, गायीने आज पुन्हा लाथ मारली रे, माझ्यावरच डोळा तिचा. अरे, घे, चहा गार होतोय." उत्तर कधीच मिळत नसे. अलीकडे मंगलगिरीचे डोळे गेले होते, तरी भिंत चाचपत यायचा आणि निम्मा चहा वाटेत सांडायचा.

शंभूगिरी मौनी होता. उत्तरकाशीपासून दिल्लीपर्यंत लोक त्याला मौनीबाबा म्हणून ओळखत. एक तप उलटून गेलं होतं, त्याच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. दर्शनाची व्यवस्था पाहणारे सेमवाल मास्तर मंगलगिरीच्या बडबडीवर फार वैतागत.

"बाबा, तुम्ही नुसती मान हलवा. त्यांना गोठ्यामागच्या खोलीत हलवतो. तुमच्या तपाला कीड लागलीय ही."

शंभूगिरीने मान कधी हलवली नाही. मास्तर त्याला बाबांची करुणा म्हणत.

करुणा कसली! खरं काय ते शंभूगिरीला ठाऊक होतं. गुरुमहाराजांनी देह ठेवला तेव्हा दोघे गुरुबंधू जवळ होते. शंभू पाय चेपत होता. महाराजांनी खुणेने बोलावलं ते मात्र मंगलला, आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. ऐकता ऐकता मंगलच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. साऱ्या साधनेचं सार असणार, दुसरं काय!

"काय म्हणाले?" शंभूने नंतर विचारलं.

"कानात दिलेलं सांगत नाहीत, शंभू. तुला माहीत आहे."

माहीत होतंच. तरी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून त्याने मंगलशी अबोला धरला. पण भगव्या वस्त्रात रुसवा शोभत नाही. म्हणून तो सगळ्यांशीच बोलायचा थांबला. लोक पायांवर डोकं ठेवू लागले आणि मग परत फिरायची सोयच उरली नाही. जीभ गप्प होती, आत मंगलशी भांडण अखंड चालू होतं. आणि मंगल? महाराज असताना तो दिवसाकाठी दोन वाक्यं बोलला तरी पुष्कळ. महाराज गेले आणि गडी असा सुटला की लोक म्हणाले, धाक गेला.

ऊन कट्ट्यावर आलं. चहा आला नाही. शंभूगिरी उठला.

मंगलगिरी घोंगडीखाली अंगाचं मुटकुळं करून पडला होता. छाती घरघरत होती.

"कोण आहे?"

शंभूगिरी दारातच थांबला. भक्तांना लिहून दाखवायची पाटी हातात होती. ती या माणसाला दाखवून काय उपयोग? त्याने पायातल्या खडावा वाजवल्या.

"मास्तर का? बरं झालं आलात," मंगलगिरी म्हणाला. "शंभूला तेवढा चहा द्या. मला उठवत नाही. आणि तो काही मागायचा नाही."

मागे अंगणात दिल्लीची मंडळी हार घेऊन बसली होती. मास्तर त्यांना मौनाचा महिमा सांगत होते, ते इथे स्वच्छ ऐकू येत होतं. म्हणजे इथलंही तिथे ऐकू जाणार. तोंड उघडलं तर मौनीबाबा संपला. नाही उघडलं, तर हा माणूस शंभूला मास्तर समजूनच जाणार.

"मंगल, मी आहे."

गंजलेली कडी करकरावी तसा आवाज निघाला. अंगणातलं प्रवचन मध्येच तुटलं. कुणाच्या तरी हातून पूजेचं ताट पडलं.

मंगलगिरीने हात पुढे केला. शंभूने तो दोन्ही हातांत धरला. इतकी वर्षं आत घोकलेलं भांडण आठवायला गेला, तर एकही शब्द सापडेना.

"मला ते कानातलं नको," तो रडत म्हणाला. "काही नको. तू नुसता बोल."

"नको कसं? जाणाऱ्याने ते मागे द्यायचं असतं. आता सांगता येतं." मंगलगिरीने श्वास गोळा केला. "महाराज म्हणाले, 'मंगल, तू माझ्याकडे मौनव्रत मागतोस, ते मी तुला देत नाही. माझ्यामागे शंभू रुसून बसेल. मानी आहे, आपणहून यायचा नाही. तो बोलेपर्यंत तू त्याच्याशी बोलत राहा.'"

शंभूगिरीने त्याचा हात कपाळाला लावला.

"विषय संपायचे रे," मंगलगिरी हसला. "त्या गरीब गायीने मला एकदाही लाथ मारलेली नाही."

मग त्याने हळूच कूस बदलली.

"बोललास ना? आता मला गप्प राहू दे."